पाच मिन्टं द्या, साहेब

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. या सदरात लोक लिहितात ते मी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्या वेळा मनात म्हणते... अहो, झोप पूर्ण करा जरा! आमच्या घरात तर हा विषयच नव्हता. छप्पन साली आजोबांनी घरातले देव सोडले, त्याबरोबर अंगात येणं, उतारा, नजर काढणं, सगळंच उंबऱ्याबाहेर गेलं. गावात कुणी काही बघितल्याच्या गोष्टी सांगायला लागलं की आबा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य म्हणायचे, "डोळ्यानं बघ, मग बोल."

तर मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून बोलतेय. आणि बोलताना थोडी लाजही वाटतेय, कारण आबा असते तर म्हणाले असते, पोरगी शिकून येडी झाली.

मी प्रज्ञा. आम्ही भाज्याचे, मळवली स्टेशनपासून चालत जावं तेवढ्यावर. लेणी बघायला येणारे शनिवार-रविवारी आमच्या दारावरून जातात, आणि आई रस्त्याच्या कडेला त्यांना मक्याची कणसं भाजून विकते. मी नोकरी करते कान्ह्याला, एका कंपनीत. नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे. तिथं मी नेटवर्क सांभाळते. साध्या भाषेत सांगायचं तर दीडशे कॉम्प्युटर एकमेकांना नि बाहेरच्या जगाला जोडलेले असतात, ते मी जोडते, आणि वरून हुकूम आला की तोडते.

याच कंपनीत आबा शिपाई होते. आवक-जावक विभागात. आलेली टपाल पाकिटं नोंदवायची, गेलेली नोंदवायची, आणि साहेब लोकांना चहा. मी त्याच कंपनीत मुद्दाम अर्ज केला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कारण मला एक गोष्ट हवी होती तिथून. ती काय, ते सांगते.

माझ्या दहावीचा निकाल. चौदा वर्षं झाली. दुपारी एक वाजता इंटरनेटवर लागणार होता. आमच्या घरात तेव्हा मोबाईल एकच, बटणांचा, तो आबांच्या खिशात. सायबर कॅफेत त्या दिवशी पोरांची झुंबड. आबा सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "तू कुटं जाऊ नको उनातान्हाची. आमच्या हापिसात हाये ना विंटरनेट. म्याच बगतो, कागद काडून घिऊन येतो."

मी त्यांच्या 'विंटरनेट'ला हसले. वहीच्या कागदावर सीट नंबर लिहून दिला. हॉल तिकीटच द्यायला हवं होतं, पण हरवतील म्हणून दिलं नाही. चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात घातली, खिशावर दोनदा हात मारून बघितला, आणि गेले.

संध्याकाळी स्टेशनवरचा माणूस आला. आबा कान्ह्याच्या फलाटावर बाकावर बसल्या बसल्या गेले होते. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले.

आता हे बघा. आबा रोज संध्याकाळच्या लोकलनं यायचे. दुपारी आमच्याकडे तीन-चार तास लोकलच नसते, मावळात कुणालाही विचारा. मग भर दुपारी ऑफिस सोडून, गाडी नसताना, ते स्टेशनवर काय करत होते? खिशात माझी चिठ्ठी होती. मोबाईलमध्ये शेजारच्या काकूंना दोनदा फोन लावलेला... काकू रानात, फोन घरात. निकालाचा कागद मात्र नव्हता.

त्यांनी निकाल पाहिला होता का? बघून, आनंदात, घरी सांगायला निघाले होते? की न बघताच गेले? मला एक्क्याण्णव टक्के होते हो. शाळेत पहिली. सगळा गाव आला घरी, पण निकालाला नाही, मौतीला. तेरा वर्षं मला दुसरं काही नको होतं, एवढं एकच कळायला हवं होतं. त्यांना माहीत होतं का, एवढंच.

तेव्हा तिथं नेटवर्क बघायचे वर्तक सर. मी नोकरीला लागले ते त्यांचं शेवटचं वर्ष. मला त्यांनी हातचं न राखता शिकवलं, पण आबांचा विषय निघाला की चष्मा पुसायला घ्यायचे. मीही विचारलं नाही. सगळी नोकरी ज्यासाठी धरली तेच विचारायला माझी जीभ रेटायची नाही. उत्तर 'नाही' असलं तर?

असो. आता मूळ गोष्ट.

मागच्या वर्षी भातलावण्या उरकत आल्या होत्या तेव्हाची. आमच्या परचेस विभागात निलेश म्हणून एक नग आहे. त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कसलीशी लकी ड्रॉची लिंक उघडली आणि व्हायरस घेतला. दोन दिवस अख्खी कंपनी हातावर हात धरून बसली. मग वरून हुकूम... सगळं बंद! कामाच्या तेवढ्या पंचवीस-तीस साइट चालू, बाकी जगाला कुलूप. ना क्रिकेट, ना शॉपिंग, ना शेअर बाजार. आणि ते कुलूप घालणारी मी. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी कुणी बसेना.

पण अगदीच हुकूमशाही नको म्हणून मी एक सोय ठेवली. बंद साइट उघडायला गेलं की एक पान यायचं: "ही साइट ऑफिसच्या नेटवर्कवर बंद आहे. हवी असल्यास कारण लिहा." खाली एक चौकोन. त्यात लिहिलं की माझ्याकडे येतं. मी नाकारलं तर त्याच पानावर नकार दिसतो, हवं तर सोबत मी एखादी ओळ लिहू शकते, परवानगीसोबतही. परवानगी दिली तर "परवानगी दिली आहे" असं येतं, आणि खाली देणाऱ्याचं नाव. नकार कंपनीच्या नावानं, परवानगी माझ्या नावानं! म्हणजे उद्या काही झालं तर कुणाची मान धरायची ते साहेबांना शोधायला नको. शिवाय ते पान दर दहा सेकंदांनी आपोआप ताजं होतं आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे एक ओळ नोंदली जाते. त्यामुळे कोण किती वेळ त्या पानासमोर ताटकळत बसलाय ते मला मोजता येतं. निलेश पहिल्याच दिवशी अकरा मिनिटं बसला होता. त्याचं कारण: "मानसिक शांततेसाठी मॅच."

कारणं एकेक अशी यायची की विचारू नका. "बायकोनं साडीचा रंग विचारलाय." "पाऊस कधी थांबणार ते बघायचंय." मी हसायचे आणि नाकारायचे.

मग एका मंगळवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, हे आलं:

"लेकीचा निकाल बगायचाय. पाच मिन्टं द्या, साहेब."

साइट दहावीच्या निकालाची. पाठवणाऱ्याचं नाव कोरं.

मला आधी रागच आला. म्हटलं, निलेश! याला कुठून कळलं काय माहीत, पण असली चेष्टा? तरातरा परचेसमध्ये गेले. निलेश तिथं नव्हताच, तो सकाळपासून वडगावला बँकेत. परत येऊन बघितलं की विनंती आली कुठून. नेटची वायर खोचायला भिंतीत सॉकेट असतं, त्या प्रत्येकाला नंबर असतो. हा नंबर आवक-जावकच्या खोलीचा. त्या खोलीत आता जुनी कपाटं आहेत आणि मोडक्या खुर्च्या. कॉम्प्युटर नाही. किल्ली सिक्युरिटीकडून सही करून घ्यावी लागते, आणि त्या वहीत महिनाभर कुणाची सही नव्हती. मी सही केली, आत गेले. सॉकेटमध्ये वायर नव्हती. मग सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्या सॉकेटचं दुसरं टोक बघितलं. तेही सुटं, लोंबकळत, वर धूळ.

म्हणजे जी वायर कुठूनच कुठं जात नव्हती, तिच्यावरून निरोप आला होता. काहीतरी तांत्रिक गोंधळ असणार असं मी स्वतःला सांगितलं, विनंती नाकारली, आणि त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

बुधवारी, परत एक दहा:

"नाव जुळत न्हाई म्हनतंय साहेब. नंबर बरोबर हाये, लेकीनं सवता लिवलाय. परत एकदा पाच मिन्टं द्या."

मी ती ओळ परत वाचली.

नाव. निकालाच्या त्या साइटवर नुसता सीट नंबर चालत नाही, आईचं नावही टाकावं लागतं. माझ्या आईचं नाव सुमन. भाज्यात, रेशनकार्डावर, सगळीकडे सुमन. पण हे लग्नातलं नाव. माहेरचं नाव ठकू. आणि मी पहिली, म्हणजे बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद करायला गेला मामा, आणि भाऊ आपल्या बहिणीला सासरच्या नावानं कशाला ओळखेल? त्यानं लिहिलं, आईचं नाव ठकू. तेच शाळेत गेलं, शाळेतून बोर्डात. मला माहीत होतं, हॉल तिकिटावर रोज बघत होते मी. आबांना कोण सांगणार? त्यांच्यासाठी ती सुमनच. नाव त्यांनीच तर ठेवलेलं.

आणि मी चिठ्ठीवर लिहिला होता फक्त नंबर.

हे निलेशला माहीत नव्हतं. हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगू? त्या क्षणापर्यंत मलाही सुचलं नव्हतं की ते असं घडलं असेल.

शनिवारपर्यंत रोज एक दहाला विनंती येत राहिली, मी नाकारत राहिले. रविवारी तळेगावला वर्तक सरांकडे गेले. झोपाळ्यावर बसले होते. मी विनंतीबद्दल काही बोलले नाही, एवढंच विचारलं, "सर, त्या दिवशी आबा निकाल बघायला तुमच्याकडे आले होते का?"

सरांनी चष्मा काढला. पण या वेळी पुसला नाही, हातातच धरला.

"आला होता गं. पाच मिनिटं द्या म्हणाला. तेव्हाही सगळं बंदच असायचं, माहितीये ना तुला. मी उघडून दिलं. किसननं एका बोटानं नंबर टाकला, नाव टाकलं. जुळत नाही म्हणे. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तेवढ्यात मला वरून बोलावणं आलं. मी बंद केलं. तो दारात उभा... साहेब, आणखी पाच मिन्टं. मी म्हटलं, किसन, आता नाही, उद्या बघू. अरे, एवढं काय अडलंय?" सरांनी पायानं झोपाळा थांबवला. "मग तो म्हणाला, घरी जाऊन नाव विचारून येतो. मी म्हटलं जा."

"त्यांनी पाहिला नाही, म्हणजे."

"नाही बाळा." सरांना रडू आलं. "पाच मिनिटांनी माझं काय जात होतं सांग ना?"

मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर राग धरावा असं वाटलं, पण धरता येईना. मीसुद्धा तर दिवसभर तेच करते. नाकारा, नाकारा, नाकारा.

म्हणजे सोमवारी मला सगळं ठाऊक होतं. काय अडलंय ते ठाऊक, उपाय ठाऊक. एक दहाला विनंती येणार, मी नाव कळवणार, परवानगी देणार, संपलं. तेरा वर्षं अडकलेलं काम दोन क्लिकचं होतं.

आणि मी ते केलं नाही.

आता मी जे सांगतेय त्यासाठी मला हसा किंवा शिव्या घाला. एक दहाला विनंती आली, "लेकीचा निकाल बगायचाय, पाच मिन्टं द्या साहेब," आणि मी नाकारलं, आणि खाली ओळ लिहिली: "आज नाही. मुलगी कशी आहे अभ्यासात?" मिनिटभरानं चौकोनात उत्तर आलं:

"लय हुशार. मला इंग्रजी पेपर वाचून दावती."

अहो, आबांनी मला जन्मात कधी हुशार म्हटलं नव्हतं! पहिला नंबर आला तरी "बरं" म्हणायचे आणि बैलाला पाणी दाखवायला जायचे. मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

आणि मला लक्षात आलं की तो चौकोन फक्त बंद पानावरच असतो. परवानगी दिली की साइट उघडते, चौकोन जातो. मी कुलूप काढलं तर त्यांना माझ्याशी बोलायचं कारणच उरणार नाही.

मंगळवारी मी विचारलं, "डबा खाल्ला का?" उत्तर आलं: "खाल्ला. शेपू हुता. साहेब लोकास्नी वास येतो म्हनून भाईर बसून खाल्ला."

बुधवारी: "पुढं काय शिकवणार मुलीला?" "कंप्युटर म्हनती. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर म्या हाये तवर शिकवनार."

म्या हाये तवर. गुरुवारी मला काही लिहायचं धाडसच झालं नाही, नुसतं नाकारलं. त्यांचं पान त्या दिवशी चौदा मिनिटं ताजं होत राहिलं. चौदा मिनिटं माणूस वाट बघत होता.

शुक्रवारी मी विचारलं, "तिला सांगता का कधी, हुशार आहेस म्हणून?"

या उत्तराला वेळ लागला. मग आलं:

"न्हाई साहेब. तोंडावर म्हनलं की नजर लागती लेकराला."

नजर! ज्या माणसानं आयुष्यभर नजर-बिजर थोतांड म्हणून गावाशी वाद घातले, ज्यानं माझ्या गालाला कधी तीट लावू दिली नाही, त्या माणसाला माझ्यापुरती नजरेची भीती होती. आबा, अहो आबा, एकदा म्हणायचं होतंत हो. लागली असती नजर तर लागली असती.

शनिवारी मी काय विचारलं ते मला आठवतंय, पण लिहीत नाही. त्यांचं उत्तर एवढंच होतं: "साहेब, उशीर व्हतोय. पोरगी वाट बगत आसंल."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती दिवसभराची दमून चुलीपाशी कणसांची सालं गोळा करत होती. मी सगळं सांगितलं, हसेल असं वाटलं. आई हसली नाही. तिनं एकच विचारलं, "डब्याचं काय म्हनलं?"

"शेपू म्हणाले."

आईनं हातातली सालं खाली ठेवली. "व्हय. शेपूच दिल्ता त्या दिशी." आणि मला तेव्हा कळलं की तेरा वर्षांत आमच्या घरात शेपू शिजलेला नाही. मला कधी जाणवलंच नव्हतं.

मग म्हणाली, "तू किती दिस झालं आसं करतीस?"

"सहा दिवस."

"सा दिस दारात उभं करून ठिवलंस त्यास्नी?"

"आई, ते माझ्याशी बोलतात गं."

"तुज्याशी न्हाई बोलत, साहेबाशी बोलत्यात." आईचा आवाज चढला. "तुला ग्वाड लागतंय, पर त्यो मानूस तितं हात जोडून उभा हाये. जलमभर दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायलं, आन् आता लेकीच्या बी दारात? सोड त्यास्नी. बगू दे त्यास्नी काय बगायचं ते."

मला राग आला. म्हटलं, "तुझं काय जातंय बोलायला, तुला नाही वाटत त्यांच्याशी बोलावंसं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेले असते तर बरं. म्हणाली, "वाटतं की. रोज वाटतं." आणि सालं उचलून परड्यात निघून गेली.

रविवारी विहारात वंदनेला बसले, पण लक्ष नव्हतं.

सोमवारी मी पाऊण वाजल्यापासून कॉम्प्युटरसमोर. डबा उघडला नाही. निलेश येऊन "मॅडम, आज फायनल आहे हो," म्हणून गेला, मी काय बोलले आठवत नाही, तो मुकाट्यानं परत गेला. एक दहाला आलं:

"लेकीचा निकाल बगायचाय. पाच मिन्टं द्या, साहेब."

मी ओळ लिहिली: "आईचं माहेरचं नाव टाका. ठकू." मग खाली "मीच आहे आबा" असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. म्हटलं, ते निकाल बघायला आलेत, त्यांना निकाल बघू दे. आई म्हणाली तसं. किती वेळासाठी परवानगी, असा एक रकाना असतो: पाच मिनिटं, एक तास, कायम. मी 'कायम' निवडलं. आणि बटण दाबलं.

नोंदींची यादी समोरच उघडी होती. परवानगीचं पान उघडल्याची एक ओळ आली, आणि लगेच पुढची... निकालाची साइट उघडली. ती चाळीस सेकंद उघडी होती. आता हे लक्षात घ्या, आमच्या वर्षीचा निकाल त्या साइटवर कधीचाच नाही. मी आदल्या आठवड्यात स्वतः शोधला होता. पण पान उघडलं, पूर्ण उघडलं, अशी नोंद आहे.

चाळीस सेकंदांनी ते बंद झालं. मला वाटलं, संपलं. गेले.

पण गेले नव्हते. ते मागे आले होते, परवानगीच्या पानावर. तिथं आता बघण्यासारखं काही नव्हतं. चौकोन नाही, काही नाही. पण ओळी पडायला लागल्या. दहा सेकंदांनी एक. आणखी दहा सेकंदांनी एक. मला कळेना, काय करतायत तिथं? नाव टाकून झालं, निकाल बघून झाला, मग त्या पानावर काय आहे?

आणि मग मला आठवलं काय आहे ते. मीच तर केलं होतं ते पान. नकार कंपनीच्या नावानं, परवानगी माझ्या नावानं.

"परवानगी दिली आहे.
प्रज्ञा किसन ओव्हाळ, नेटवर्क विभाग."

आबा अडखळत वाचायचे, अक्षराखाली बोट सरकवत. पण अडखळत वाचलं तरी त्या दोन ओळींना किती वेळ लागतो? दहा सेकंदांनी एक, अशा सव्वीस ओळी पडल्या. चार मिनिटं वीस सेकंद. आणि निकालाचे चाळीस सेकंद. बेरीज तुम्हीच करा. 'कायम' दिलं होतं मी, पण त्यांनी मागितली तेवढीच घेतली, पाच मिनिटं. मग ओळी थांबल्या.

मी त्या नोंदी नेटवर्कच्याच कामातल्या एका जाणकाराला दाखवल्या, आबांचा भाग न सांगता. तो म्हणाला, कुठलं तरी उपकरण चुकीचा नंबर दाखवत असेल. असेल. मग त्या उपकरणाला शेपू कसा माहीत? आबांना मराठी टाइप करता येत नव्हतं, मग ती अक्षरं कशी उमटली? मला माहीत नाही. वर्तक सरांना फोन करून एवढंच सांगितलं की सर, पाहिला निकाल. त्यांनी कसा, कधी, काही विचारलं नाही, नुसते "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले. आईनं त्या रात्री शेपू केला. मीठ जरा जास्त झालं होतं.

गेल्या महिन्यात ऑडिटवाल्या बाई आल्या होत्या. यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "या सॉकेटला काही जोडलेलंच नाही, मग याला कायमची परवानगी कशाला? काढून टाकू?" म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, कारण लिहावं लागेल. मी कारण लिहिलं, त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

मी अजून रोज एक वाजता डबा घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसते. एक दहाला विनंत्या येतात, मॅचच्या, साड्यांच्या, पावसाच्या. हल्ली मी बऱ्याच जणांना पाच मिनिटं देऊन टाकते. पण ती विनंती येत नाही, येणारही नाही. कायमची परवानगी दिली की परत मागायला कुणी येत नाही. मी नेटवर्कवाली आहे, मला हे आधीच माहीत होतं. म्हणून तर सहा दिवस लावले.